शेषरावच्या ट्रकचं स्टेअरिंग

३ डिसें., बुध.
शेषरावकडं गेलतो. रिमोटचा ट्रक पलंगाखाली, रिमोट कपाटावर. लकवा मारल्यावर डॉक्टर म्हनले होते, उजव्या हातानं काहीतरी फिरवत राहा, नाईतर बोटं आखडतीन. म्हून त्याच्या पोरीनं नागपूरहून हा ट्रक धाडला, रिमोटवर फिरवाचं चाक असलेला. पंधरा दिवस चालवला, मंग अंगनातल्या मुरमात चाकं वळनंच बंद झालं. शे. म्हनते, "ठेव बावा. गाडीचंबी माह्यासारखंच झालं." राजूरच्या खदानीत तीस वर्षं डंपर चालवला यानं, मी त्याचा फिटर. अन् हे बोलनं! राग आला. ट्रक उचलून घरी आनला.

४ डिसें.
उघडला. चाकं वळवनारी बारकी मोटर असते, सर्वो म्हनतात. आतले दाते प्लास्टिकचे, तीन झडले. पोरीले फोन केला. म्हनली, काका, धातूच्या दात्यांचा मागवते, जास्त जोराचा. बरं.

६ डिसें., शनि.
सकाळी विहारात. तिथं शेषरावची बायको, शांता वहिनी भेटली. म्हने, शे. आता जेवतेबी डाव्या हातानं. उजवा मांडीवर ठेवून देते, लोकाच्या घरचा असल्यासारखा. दुपारी मी घरी नुसता पडून.

९ डिसें., मंगळ.
सर्वो आला. काळा, वजनदार. जागेवर मस्त बसला. सर्वोवरची फिरनारी पट्टी लावली, चाकांची दांडी जोडली, सगळं कचकचून आवळलं. मंग ब्याटरी दिली. चाकं एकदम उजवीकडं जाऊन अडकले, सर्वो घूं घूं करून राह्यला. बोट लावलं तं चटका. ब्याटरी ओढली.
अक्कल गहान ठेवली होती मी. वर्कशॉपची सवय, पयले आवळा, मंग चालू करा.

१० डिसें.
पोरीले खरं सांगतलं. हासली. याच्यात उलटं असते म्हने. पट्टी काढून ब्याटरी द्यायची, सर्वो आपून मधात येऊन थांबते, मंग पट्टी सरळ बसवायची. तसंच केलं. नशीब, सर्वो जिता हाये. बारका स्क्रू दोनदा फरशीवर पडला, बायको झाडू घेऊन आली अन् तिलेच सापडला. रिमोटवर दोन्हीकडचं वळन जरा कमी केलं, म्हंजे अडकाले नको. आता मुरमातबी आरामात वळते. लय बरं वाटलं.

१२ डिसें., शुक्र.
शे. कडं नेला. हातच लावेना. तूच चालव म्हने, मी पाहतो. मंग मी म्हनलं, "फिटरनं आपलं काम आपनच पास केलं का कधी? ऑपरेटर ट्रायल घेईन, तवाच सही."
चहा पेला. मंग रिमोट मांगितला.
डाव्या बोटानं रेस, उजव्या हातानं रिमोटवरचं चाक. ट्रक निंबाच्या झाडापर्यंत गेला, आला. तिसऱ्या फेरीले कपाळाले घाम. थांबला अन् डंपरवरून बोले तसाच बोलला, "डावीकडं ओढते. पास नाई. परत घेऊन जा."
सुंभ जळला पन पीळ गेला नाई. हो साहेब म्हनलं अन् निघालो. सायकलवर रडू आलं, खरं लिहितो. इतक्या महिन्यात पयल्यांदा त्यानं मले कामाले लावलं.

१३ डिसें.
ओट्यावर खडूची रेघ मारून धा वेळा चालवला. ट्रक सरळ हाये, जराबी ओढत नाई. ओढते थो त्याचा हात.

१४ डिसें., रवि.
रिमोटवर चाकं जराशी एका बाजूले सरकवनारं एक बटन हाये. दोन टिचक्या उजवीकडं दिल्या का त्याच्या हातात ट्रक सरळ धावन. थो पास करन, खूश होईन. हात तसाच राहीन. नाई दिल्या तं तोंडावर सांगा लागन, शेषराव, गाडी बरोबर हाये. अन् मंग रिमोट पुन्हा कपाटावर गेला तं?
बायकोले इचारलं. म्हने, तुमचा दोस्त हाये, तुमी पाहा.
आत्ता वहिनीचा फोन. आंघोळ करून खाकी शर्ट घालून अंगनात बसला हाये. शर्टाच्या गुंड्या उजव्या हातानं लावल्या म्हने, अर्धा तास लागला, कोनाले लावू देल्या नाई. अन् इचारून राह्यला, फिटर अजून काहून आला नाई.
ट्रक पिशवीत टाकला. बटनाले हात लावला नाई अजून. निघतो.