पहिलं पुस्तक

कोपरी, ठाणे (पूर्व)
१२ जून १९९९

मधुदादास,

नमस्कार. आईचे गुडघे दुखतात, बाकी बरी आहे. तुझं पत्र मिळालं.

डोंबिवलीत कॉम्प्युटर क्लास काढतो आहेस. छान. नवशिक्या मुलामुलींना प्रोग्रामिंगसाठी आणि लिनक्ससाठी कोणती पुस्तकं द्यावीत, असं तू विचारतोस. मला!

हाच प्रश्न चौऱ्याण्णव साली मी तुला विचारला होता. बाबा म्हणाले होते, दोघांपैकी ज्याला जमेल त्याला कॉम्प्युटरच्या कोर्सला पाठवू. तू एक जाडजूड पुस्तक आणून दिलंस. "हे पहिलं पुस्तक, नंदा. हे कळलं नाही तर नाद सोड." चार महिने डोकं फोडलं. तिसऱ्या प्रकरणापुढे गेले नाही. मी ढ आहे, असं मीच बाबांना सांगितलं. कोर्सला तू गेलास, मी शहाडच्या स्थळाला हो म्हटलं. त्या घरातून मी माहेरी परत का आले ते तुला माहीत आहे. ते लिहीत नाही.

परवा तुझा मित्र गोपीनाथ आमच्या ऑफिसात आलेला. हसत म्हणाला, "अगं, ते पुस्तक आम्हा इंजिनिअरांनाही कळायचं नाही! मध्या म्हणालेला, हेच देतो तिला, महिन्यात गप्प बसेल."

मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मला शिकवलं शहाडच्या शेजारणीने, सगुणाताईने. तिचं पुस्तक पातळ होतं. छोटी उदाहरणं, मागे उत्तरं. पहिल्याच दुपारी तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझं नाव उमटलं. ढ नव्हते रे मी. पण तोवर बाबा गेले होते, मला ढ समजूनच.

आज ऑफिसातली लिनक्सची सहा मशिनं मी सांभाळते.

यादी केली आहे. दोन पुस्तकं प्रोग्रामिंगची, एक लिनक्सचं. तिन्हींत पहिल्या पानापासून स्वतः करून बघायचं आहे. यादी तुला पाठवत नाही, शेवंतीवहिनीला दिली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "क्लासच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे राहील." कुठल्या मुलीला कोणतं पुस्तक द्यायचं, हे आता तू ठरवणार नाहीस.

उद्घाटनाला मी येणार नाही. भाऊबीजेला तू येऊ नकोस. आईला कारण तूच सांग. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

यापुढे कुणाची धाकटी नसलेली,
नंदा