पंगतीतलं नाव

देऊळवाडी, मालवण
माघ वद्य पंचमी, बुधवार, सन १९६३

चि. सुगंधा हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळी बरी आहेत. तुझी आई बरी, गाय बरी, विहिरीला पाणी आहे, आणि तुझा बाप, माझा भाई, तोही बरा.

परवा सगळ्यात आधी आली ती शेजारची तुळसा. दुसरं कोण येणार? आपल्या वाडीत वारासुद्धा तिला विचारून वाहतो. मी जेवून सुरंगीखाली गोणपाट टाकून पडले होते. यंदा सुरंगी अशी फुलली आहे की फांदी दिसत नाही, नुसते फुलांचे गुच्छ आणि त्यांच्यावर मधमाश्या. तो आवाज ऐकत पडलं की आपण झोपलोय की जागे, हे कळत नाही. माझा डोळा लागला असावा. कारण ओहोटी लागली होती, पार किल्ल्यापर्यंत वाळू उघडी पडली होती, आणि तू त्या ओल्या वाळूवरून किल्ल्याकडे चालली होतीस. केसांत सुरंगीचा वळेसार. मी हाका मारते, तू वळून बघत नाहीस. एवढ्यात समुद्रातून तुळसेचा आवाज आला, "काकी! गो काकी! ऊठ! दिपोटी येतत, बायलेक घेवन येतत!"

उठून बसले तर समुद्र नाही, तुळसाच. पदर खांद्यावरून घसरलेला, धापा टाकते आहे. शंकरराव दिपोटी तुला आठवत असतील, विजयदुर्गचे. भाईची शाळा तपासायला येतात ते. ते यायचे असले की भाई आदल्या दिवशी मिशी कातरतो आणि पोरांची नखं बघतो. पण शाळा तपासायला कोणी बायकोला घेऊन येतं का? आणि तेही सोमवारी भर दुपारी, मास्तरच्या घरी?

पण ते राहू दे जरा. पाहुणे आले म्हणून घरची माणसं मागे टाकू नयेत. आधी तुझं पत्र.

तुझं पत्र त्याच्या आदल्या शनिवारी आलं. पोरी, काय सांगू! तू लिहिलंस की पूर्वपरीक्षेत सगळ्या विषयांत पास झालीस, प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावून, मागच्या वर्षी नापास झालीस तेव्हा घातलेली अट काढून घेतली, वसतिगृहातली खोली आता कोणी मागायचं नाही. आणि हजेरीत तुझं नाव इतके दिवस सगळ्या मुलींच्या खाली, रेघ मारून वेगळं लिहायचे, ते आता पुन्हा वर आपल्या जागी आलं. मला बाकीचं फारसं कळलं नाही, पण हे कळलं. मी तिसरीपर्यंतच शिकले, पण पंगत मला कळते. पंगतीत बसलेल्या माणसाला उठवून दाराशी वेगळं पान मांडलं, तर घास कसा उतरतो ते वाढणारीला दिसतं. तू वर्षभर ते पान जेवलीस. आता पंगतीत आलीस. मी लगेच तुळशीपुढे साखर ठेवली, मग गायीला दिली, मग तुळसेला दिली. म्हणजे गावाला दिलीच.

तुझी पत्रं मी मोठ्यानं वाचते, तुझ्या आईला ऐकू यावीत म्हणून. ती चुलीपाशी असते. भाई बाहेर ओटीवर पाठ करून बसलेला असतो, पोरांच्या पाट्या तपासत. तू तर जाणतेसच, जूनमध्ये तुला एस्टीत बसवताना तो म्हणाला होता, "आता पास झालीस की पत्र धाड." तेव्हापासून त्यानं तुला ओळ लिहिली नाही आणि तूही त्याला नाही. बाप तशी लेक. पण मी वाचताना अडखळते. जोडाक्षर आलं की माझी गाडी घाटात बंद पडते. मी "प्रि... प्रि..." करते, आणि ओटीवरून, पाठ न वळवता, आवाज येतो, "प्रिन्सिपॉल." पुढं "व... वस..." तर, "वसतिगृह." तुझी आई म्हणते, ह्यांना कसं कळतं पुढचा शब्द कुठला? मी म्हणते, मास्तर आहे तो. पण पोस्टमन पत्र शाळेत देतो, घरी ते माझ्या हातात येतं तेव्हा त्याच्या घड्या मऊ झालेल्या असतात. एवढं मलाही कळतं.

शेवटी तू लिहिलं होतंस की परीक्षा झाल्यावर मी घरी येणार नाही, मैत्रिणीकडे कोल्हापुरातच राहीन, भाईंनी स्वतःहून बोलावलं तर बघू. तिथं मी थांबले. "स्व..." म्हणून थांबले. ओटीवरून शब्द आला नाही.

बरं. तर पाहुणे.

भाई सकाळच्या शाळेतून नुकताच आला होता, बनियनवर. दिपोटी पाणंदीत दिसल्यावर त्यानं उलटा सदरा चढवला, आणि तो उलटाच राहिला. तुळसा ओसरीच्या खांबाला चिकटली, ती काही घरी गेली नाही. दिपोटींच्या मंडळींना मी ओळखलंच नाही आधी. डोळ्याला चष्मा, अंगावर इरकल. मग त्या हसल्या, आणि मी म्हटलं, "गो, तू मथू मां? वरच्या वाडयेची?" मथुराच ती. लहानपणी आपल्या चिंचेवरून पडलेली. लग्न होऊन विजयदुर्गाला गेली आणि दिपोटीण झाली. जत्रेला ओटी भरायला दरवर्षी येते म्हणे. त्या दिवशी नांदगावात गाडी बदलून दोघं आली होती, मुद्दाम.

भाई उभाच. "साहेब, काय चुकलं का शाळेत?"

दिपोटी झोपाळ्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, टोपी काढली म्हणजे नोकरी गेली. ते म्हणाले, "मास्तर, शाळेचं काम नाही. जत्रेत तुमच्या मुलीसाठी मीही 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतं. पुढं तिचं काय झालं, ते विचारायला आलो."

आता बघ, मी हे तुला लिहिणार नव्हते. भाईनं मला बजावलं होतं, "आये, तिला यातलं अक्षर कळता नये." पण दिपोटी असं बोलून गेले, आणि त्यांचं बोलणं लिहायचं तर जत्रा लिहिलीच पाहिजे. त्याला माझा इलाज नाही.

सहामाहीत तू एका विषयात, रसायनशास्त्रात, गेलीस, ते पत्र आलं त्या आठवड्यात आपली जत्रा होती. आता आणखी एकदा घसरलीस तर नाव पटावरून जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे घरात. बाहेर भाईनं सांगितलं होतं की सुगंधा उत्तम चालली आहे. मास्तरची मुलगी, दुसरं काय सांगणार? जत्रेच्या दुपारी, ओट्या भरायच्या वेळी, मी देवळात रांगेत होते. बघते तर भाई अनवाणी, खांद्यावर उपरणं, हातात नारळ, गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकरापाशी उभा. भाई, गो! जो म्हणायचा की गाऱ्हाणी घालून पाढे पाठ होत नाहीत. बाबली गावकराच्या कानाशी लागून तो काहीतरी सांगत होता, आणि शेवटी म्हणाला, "जरा हळू घाल हां, बाबली."

बाबली म्हणाला, "मास्तरानू, देवाक कुजबूज चलना नाय. गाऱ्हाणा काय चोरून घालतत? कोणाचा, खंयचा, कित्याक, ता सगळा सांगूक व्हया. नायतर देव जातलो दुसऱ्याच्याच घराक."

आणि तो आवाज तुला माहीत आहे. वाऱ्याच्या दिवसांत तो खाडीपलीकडच्या होडीला हाक मारतो.

"बा देवा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आज तुझ्या पायाकडे भाई मास्तर उभो आसा." "व्हय म्हाराजा!" "तेच्या चेडवान, सुगंधान, कोल्हापुराक कालेजात एक वरस घालयल्यान, आता प्रिन्सिपालान तिका अटीर ठेवल्यान आसा!" "व्हय म्हाराजा!" "तिच्या वाटेत जा काय आडवा इला आसात, ता बाजूक कर, आणि तिचा नाव सगळ्या चेडवांच्या वांगडा परत बसव रे म्हाराजा!"

सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला, सुगंधा. भाईनं ज्यांना छड्या मारल्या तेही म्हणाले. शाळेची पोरं तर सगळ्यात मोठ्यानं, त्यांना मास्तरची फजिती आवडली असेल म्हण, पण म्हणाली. मीही म्हणाले. धुपाचा धूर एवढा होता की समोरचं सगळं पाण्याखालचं वाटत होतं, आणि त्या धुरात भाईचा चेहरा. मान खाली, हात जोडलेले, कान लाल. तिसरीत असताना एकदा पाढा चुकला म्हणून मास्तरांनी त्याला अंगठे धरायला लावले होते, तेव्हा असा दिसला होता. पण तेव्हा तो पळून घरी आला. या वेळी शेवटच्या "व्हय म्हाराजा"पर्यंत उभा राहिला.

त्यानंतर वाडीत कोणी त्याला एक शब्द विचारला नाही. तुळसेनंसुद्धा नाही. यावरून तू समज.

तर दिपोटींनी विचारलं. मधमाश्यांचा आवाज ऐकू येत होता. भाई म्हणाला, "पास झाली, साहेब. सगळ्या विषयांत." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "रसायनशास्त्रातसुद्धा."

असं म्हणताना तो हसला. उलटा सदरा घालून, दिपोटींपुढे. तो हसला की त्याची एक भुवई वर जाते, तुझ्यासारखी. किती दिवसांनी बघितली मी ती भुवई.

मग मथुरा माझ्यामागे चुलीपाशी आली. तुझी आई खापरोळ्या घालत होती, मी नारळाचा रस काढत होते. मथुरा पाटावर बसली आणि एकदम रडायला लागली. त्यांची आनंदी, तुझ्याच वयाची, पुण्याला कॉलेजात होती. तिचंही वर्ष गेलं. तिलाही कॉलेज अटीवर परत घ्यायला तयार आहे, पण ती जात नाही. लोकांना यांनी सांगितलं, टायफॉइड झाला. "काकी," मथुरा म्हणाली, "टायफॉइडाक महिने झाले. चेडू खिडकीत बसान समुद्राकडे बघता. बाहेर येना नाय. ह्यांका लोक साहेब म्हणतत, हे देवळात उभे रवान सांगतले कसे? त्या दिवशी तुमचो भाई उभो रवलो ना, हे घराक येवन रात्रभर बोलले नाय."

मी तिच्या हातावर खापरोळी ठेवली. दुसरं काय ठेवणार?

आनंदीला कोणाचंच खरं वाटत नाही, असं मथुरा म्हणते. पंगतीतून उठवलेली मुलगी परत बसते, हे तिला डोळ्यांनी बघायचं आहे. तुला बघायचं आहे, गो बाय. तुला, माझ्या सुगंधाला, लांबून नांदगावात गाडी बदलून कोणी बघायला येणार, आणि तेही पोहे खाऊन सून म्हणून नव्हे. हे मी स्वप्नात तरी बघितलं असतं का?

निघताना दिपोटींनी बाबली गावकराची चौकशी केली. भाईनं सांगितलं की ज्याचं गाऱ्हाणं, त्याच्या घरच्यानं स्वतः उभं राहावं लागतं, आणि ते पुरं झालं की ज्याच्यासाठी घातलं त्यानं येऊन देवापुढे नारळ ठेवायचा. दिपोटींनी मान डोलावली. मग ओटीच्या पायरीवर वळून विचारलं, "परीक्षेनंतर आनंदीला घेऊन येतो. सुगंधा असेल ना घरी?"

तुझी आई उंबऱ्यात. मी तिच्यामागे. तुळसा खांबाला. सगळ्यांनी भाईकडे बघितलं.

भाई म्हणाला, "असेल."

कोणाला विचारून म्हणाला, देव जाणे.

ती दोघं पाणंदीनं गेली, संध्याकाळचं ऊन त्यांच्या पाठीवर होतं, आणि मथुरेच्या केसांतला वळेसार वळणावर दिसेनासा झाला तरी वास मागे राहिला. मी पुन्हा सुरंगीखाली जाऊन बसले. वाटलं, आली होती का खरंच ही माणसं, की माझा तो दुपारचा डोळा अजून मिटलेलाच आहे? पण झोपाळ्यावर दिपोटींची टोपी राहिली होती. भाईनं ती झटकून खुंटीवर ठेवली. तुझी जुनी छत्री असते ना, त्याच खुंटीवर.

आता तुला वाटेल म्हातारी फार लिहिते. पण बघ, कागद अजून थोडा कोरा आहे. तेवढं मी मुद्दाम सोडलं आहे, खाली. पत्र टाकायला उद्या भाईच नेणार. मी पाकीट चिकटवलेलं नाही, आणि दौत ओटीवर ठेवली आहे. त्यानं काही लिहिलं असेल तर वाच. लिहिलं नसेल, तर मोकळी जागा बघ आणि तो त्या जागेपुढे किती वेळ बसला असेल, ते तुझं तू ओळख. तू आता शिकलेली.

या वेळी मी स्वप्नात हाक मारली की वळून बघ.

ती माणसं अक्षय्य तृतीयेला येतो म्हणून गेली आहेत.

तुझी वाट बघणारी,
आजी