माझी इंटर्न घरून शिकते

२ जून
विद्यापीठाची इंटर्न घेतली. शेवटच्या वर्षाला आहे. चार आठवडे, आणि तेही वर्क फ्रॉम होम! म्हणजे घरी बसून पुठ्ठ्याची खोकी बनवायचा धंदा शिकणार. मीटिंगमध्ये तिला पंधरा मिनिटं सांगितलं की बाळा, मी हा धंदा मशीनखाली लोळून शिकलोय. ती म्हणाली, सर, तुम्ही म्यूटवर आहात.

३ जून
प्रोजेक्ट दिला. औषध कंपनीची ऑर्डर दोनदा उशिरा गेली. तीस तारखेची पण चुकली तर ते दुसरीकडे जाणार, आणि अर्धा कारखाना त्यांच्याच जिवावर चालतो. उशीर का होतो ते शोध म्हटलं. कारण मला माहीत आहे (कामगार). पण आयतं उत्तर हातात देणाऱ्यांतला मी नाही. फोरमननं कटिंग मशीनसमोर जुना मोबाइल तारेनं बांधला. त्यातून ती दिवसभर बघणार.

५ जून, दुपार
पोरगी चुणचुणीत. मी शेडमध्ये जाऊन चार शब्द बोलायला लागलो की मोबाइलवर दिसते, खाली मान घालून पटापट टाइप करत असते. फोरमन अठरा वर्षं इथे आहे, एक ओळ कधी उतरवून घेतली नाही. तसं त्याला ऐकवलं. म्हणाला, साहेब, माझं सगळं तोंडपाठ आहे.

९ जून
संकल्प: तिला भरपूर मटेरियल मिळावं म्हणून रोज दोनाऐवजी सहा राउंड. राउंडला मशीन बंद, नाहीतर मोबाइलवर माझा आवाज नीट जात नाही. आजचा विषय: भाड्याच्या शेडमधले दिवस, भाग पहिला.

१२ जून
रिमोटचे तोटे. भाग चौथा रंगात आलेला, तेवढ्यात तिच्या घरातून बाईचा आवाज: अगं, हा माणूस अजून बोलतोयच? बहुधा टीव्ही चालू असावा.

१५ जून
मला न विचारता पुठ्ठ्याच्या थप्प्या मशीनशेजारी हलवल्या. इंटर्न मॅडमनी सांगितलं म्हणे, चार पावलं वाचतात. मी काय पावलं मोजून कारखाना उभा केला? मशीनवाला जाता-येता मोबाइलला विचारतो, मॅडम, जेवलात का? मला कधी विचारलं नाही.

१८ जून
ताप. डॉक्टर म्हणाले तीन दिवस घरी. माझ्याशिवाय तिकडे काय होत असेल देव जाणे.

२२ जून
कामावर हजर. माझ्या गैरहजेरीत तीन दिवसांत पाच दिवसांचा माल निघाला. शिकवणीचा परिणाम असाच उशिरा दिसतो. फोरमन पुन्हा पुन्हा विचारत होता, साहेब, ताप नक्की उतरला ना? अजून दोन दिवस काढायचे होते घरी. फार जीव आहे माझ्यावर.

२५ जून
निम्मा माल बाकी. राउंड आठ केले.

२७ जून
इंटर्नचं प्रेझेंटेशन. ऑनलाइन. औषध कंपनीच्या खरेदीवाल्या बाईंना मीच मुद्दाम बोलावलं, एकदा कळू दे त्यांना कामगार कसे असतात. पहिल्याच चार्टवर लालच लाल. मी विचारलं, हे लाल म्हणजे कोण, पॅकिंगवाले? ती म्हणाली, सर, लाल म्हणजे तुम्ही.

मशीन एकूण तीस तास बंद. त्यातले चोवीस माझे. तारीख, वेळ, आणि पुढे 'भाड्याची शेड' असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं. तोडगा एकच: ऑर्डर जाईपर्यंत सरांनी वर्क फ्रॉम होम करावं. फोरमन खोकत उठून बाहेर गेला. खरेदीवाल्या बाई म्हणाल्या, हे लेखी मिळेल का?

२८ जून
घरी. तत्त्व म्हणून. मी नसलो की यांना माझी किंमत कळेल.

२९ जून, संध्याकाळ
माल गेला. एक दिवस आधी. पुढची ऑर्डर दुप्पट.

३० जून
मन मोठं करून इंटर्नला नोकरी देऊ केली, हवं तर घरून कर म्हटलं. ती म्हणाली, नको सर, मी रोज कारखान्यात येईन. घरून करायचं काम तुम्हीच सांभाळा, तुम्हाला छान जमतंय.

बायकोला हे सांगितलं. तिनं लगेच फोरमनला फोन लावून विचारलं, भाऊ, आठवड्यातून दोन दिवस तरी ठेवून घ्याल का हो यांना?