बाहेरचा बाक

मंगळवार, १४ नोव्हेंबर
दुपारी, दुकानातून

तीर्थरूप अक्कास,
नमस्कार.

हे पत्र तुझ्या जावयाच्या हाती देते आहे. तो तुला संध्याकाळी स्टेशनवर घ्यायला येईल. गाडीत बसल्या बसल्या वाचून काढ, कारण घरी पोचलीस की तू मला बोलू देणार नाहीस. चौदा वर्षांनी मोठी असल्याचा तुझा तो जुनाच हक्क.

आम्ही सगळे बरे आहोत. लेक दुसरीत गेली. पायाला प्लास्टिकचा आधार लावूनही अशी सुसाट पळते की शाळेतून तक्रारी तिच्या नाही, तिनं पाडलेल्या मुलांच्या येतात. चष्म्याचं दुकान चाललंय. नंबर काढायला हल्ली मीच बसते.

तुझी मुलगीही धीराची आहे. पोट आठवड्याभरात फार वाढलं, बसली तरी धाप लागते. आजाराचं नाव तुला सांगायला नको, माझ्या वेळी हाच होता. एकाच वारेवर दोन बाळं, आणि एकाचं रक्त दुसऱ्याकडे ओढलं जातंय. एकाभोवती पाणीच पाणी, दुसरं कोरडं पडून भिंतीला चिकटलंय. हे घराण्यातून येत नाही, निव्वळ योगायोग आहे, असं डॉक्टर म्हणाले. तेवढं तरी तुझ्या डोक्यावरून उतरव. उद्या साडेनऊला ते सगळं समजावणार आहेत आणि दुपारी लेझर.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, "तिला घाबरवू नकोस हं. तुझं ती ऐकते. मी तुला जसं सांगितलं होतं तसंच सांग. दुर्बीण घालतात, लेझर मारतात, अर्ध्या तासाचं काम." मी बरं म्हटलं.

अक्का, फोन ठेवला आणि मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली. तीन वर्षं मी तुझ्याकडे फिरकले नाही. "माझं काय चुकलं ते तरी सांगा" म्हणत तू सगळ्यांना विचारत राहिलीस. मी कुणापाशी तोंड उघडलं नाही. तुला माझी गरज पडेल त्या दिवशी सांगायचं, असं ठरवून टाकलं होतं. तो दिवस तुझ्या पोटच्या पोरीवरून येईल असं वाटलं नव्हतं, पण आला.

तीन वर्षांपूर्वी एक बाई जवळचं दिसत नाही म्हणून दुकानात आल्या. खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर नंबर तपासायची ती जड चौकट चढवली, तर माझ्याकडे बघून रडायलाच लागल्या. तू मेट्रन होतीस त्या हॉस्पिटलातल्या सोनोग्राफीच्या बाई. म्हणाल्या, "तुमच्या लेझरच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच लहानीचे ठोके थांबले होते. तुमच्या अक्कांनी आमच्यापुढे हात जोडले. दोन दिवस काही बोलू नका, मी माझ्या पद्धतीनं सांगते, म्हणाल्या."

त्या दोन दिवसांत मी काय करत होते, आठवतं का तुला? पोटावर हात ठेवून दोघींशी गप्पा मारत होते. मोठीला दटावत होते, जरा सरक, तिला जागा दे. तू उशाशी बसून मोसंबी सोलत होतीस. मला म्हणालीस, "बोल बोल, ऐकतायत दोघी."

हे वाक्य मी तुला माफ करणार नाही. बाकीचं कदाचित केलं असतं.

लेझरवर माझा राग नाही. काही केलं नसतं तर बहुतेक दोघीही गेल्या असत्या, आणि आज शाळेत पोरांना पाडणारी कुणी नसती. हे सगळं मला तेव्हाही कळलं असतं, पण कुणी सांगायला हवं होतं ना. डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढले, बाण काढले, खाली तीन आकडे लिहिले. ते बोलायला लागले तेवढ्यात तू म्हणालीस, "डॉक्टर, हिला मी घरी समजावते. ही जरा वेंधळी आहे." ते हसले, मीही हसले. कागद तुझ्या खिशात गेला. मी सही केली आणि घरी येऊन दोन झबली शिवायला घेतली. तू दुसऱ्याला गुंड्या लावून दिल्यास. आकडे खिशात ठेवून गुंड्या लावल्यास, अक्का.

काल तुझी मुलगी दुकानात आली. मी शटर अर्धं ओढलं आणि तिला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून सगळं सांगितलं. डॉक्टर सांगतात तसंच, ना कमी ना जास्त. शंभरातल्या साठेक जणींची दोन्ही बाळं वाचतात. पंचवीसेक जणींचं एकच. उरलेल्यांचं एकही नाही. पाण्याची पिशवी फुटू शकते, बाळंतपण फार लवकर होऊ शकतं, वाचलेल्या बाळाच्या मेंदूला, हातापायाला धक्का बसू शकतो. आणि लेझर केलंच नाही तर याहून वाईट.

ती लेकीच्या खुंटीवरच्या जुन्या, लहान झालेल्या आधाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, हे आईनं तुला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"झाल्यावर."

ती रडली, पाणी प्यायली, आणि सही करणार म्हणाली. तू म्हणायचीस कोसळेल म्हणून. कोसळली नाही. एकच झबलं शिवू का, असं विचारलं. मी म्हटलं, दोन शिव, पण माहीत असून शिव.

उद्या आत तिच्यासोबत मी बसणार आहे. नवरा एका बाजूला, मी दुसऱ्या. तू बाहेर. हे तिनंच ठरवलं असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? मी सुचवलं. ती हो म्हणाली. ते हो ऐकून सात वर्षं जळणारं माझं काळीज थंड झालं.

एक गोष्ट या पत्रात लिहायची नाही असं ठरवलं होतं. त्या सोनोग्राफीच्या बाई डोळे पुसून आणखी एक वाक्य बोलल्या. "तुम्ही स्क्रीनकडे पाठ केली होती." खरं आहे. त्या सकाळी तपासताना त्यांचा हात डाव्या बाजूला थांबला, पुढे गेला, परत येऊन थांबला. मी मान भिंतीकडे वळवली. नंतर तू आलीस तेव्हा तुझा हात धरून विचारलं, "दोघी ठीक ना?" दुकानात काही म्हातारे तक्ता आधीच पाठ करून येतात, नजर गेली हे कुणी सांगू नये म्हणून. मी तसंच विचारलं होतं. तुला हो म्हणण्यावाचून जागाच ठेवली नाही.

एवढं माझं. पण मी झोपून होते आणि तू उभी होतीस. तुला माहीत होतं आणि तुझ्या हातात मोसंबी होती. माझ्या वाटणीचं मी रोज भोगते. तुझ्या वाटणीचं आता तू घे.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सोनोग्राफी असते, ते तुला सांगायला नको. परवाही आत मीच असेन. जे दिसेल ते तिला त्याच क्षणी सांगितलं जाईल, तसं मी डॉक्टरांकडून कबूल करून घेतलंय. तू दाराबाहेरच्या बाकावर बस. मी बाहेर आले की तू उठून विचारशील, "दोन्ही ठीक ना?" मी तुला तेव्हाच सांगेन की दोन दिवसांनी, माझ्या पद्धतीनं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

येताना पाण्याची बाटली आण. त्या बाकावर घसा फार कोरडा पडतो.

दोघींची आई