स्टेशनची मागची बाजू

कॅल्डर फोर्ज, पेनसिल्व्हेनिया
१४ सप्टेंबर १९८६

प्रिय लूसी,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या रेचा गुडघा आता त्याला जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. मी ठणठणीत आहे. टोमॅटो यंदा इतके आलेत की टोपली घेऊन निघाले की शेजारी दारं लावून घेतात.

आता खरी बातमी. मी आपलं स्टेशन बांधते आहे! हसू नकोस. जुन्या बंबखान्याच्या माडीवर छोट्या रेल्वेवाल्यांचा क्लब आहे. पोटं सुटलेले, खिशात पेचकस घेऊन हिंडणारे पुरुष. त्यांनी अख्खं कॅल्डर फोर्ज टेबलांवर उभं करायला घेतलंय, १९५१च्या ऑक्टोबरातलं. रूळ, पूल, कोळशाच्या वाघिणी, सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाने. त्या महिन्यानंतर गावात जे आलं ते तिथे चालत नाही. कुणी नंतरची मोटार ठेवली तर अध्यक्ष बर्नार्ड ती चिमट्याने उचलून बाहेर ठेवतो, दुधातली माशी काढावी तशी.

राहिलं होतं फक्त स्टेशन. ते पाडून वीसेक वर्षं झाली, आणि जे फोटो आहेत ते सगळे रुळांच्या बाजूने काढलेले. मागची बाजू, जिथून आपण घरात ये-जा करायचो, ती कुणाकडेच नाही. मग कुणाला तरी आठवलं की स्टेशनमास्तरची धाकटी मुलगी अजून गावातच आहे. माझं टेलिफोन एक्स्चेंज बंद झाल्यापासून मला कुणी एवढ्या अगत्याने बोलावलं नव्हतं, तेव्हा मीही आढेवेढे न घेता गेले.

त्यांनी स्टेशनच्या सुट्या भागांची पेटी हातात दिली, उघडली तर आत घर कुठलं! लाकडी काड्यांच्या जुड्या, नखाएवढ्या खिडक्या आणि घडी घातलेला नकाशा. सुरुवात कुठून करायची तेच कळेना. पण तिथल्या एकांनी नीट शिकवलं. नकाशावर मेणकागद पसरायचा, त्यावर काड्या जुळवून भिंत करायची आणि मागून आधाराच्या पट्ट्या चिकटवायच्या. त्याआधी लाकूड शाईच्या पाण्यात बुचकळायचं, म्हणजे कोरी फळी बघता बघता म्हातारी होते. मग रंग द्यायचा, वर चिकटपट्टी दाबायची आणि खस्सकन ओढायची. पोपडे निघतात ते थेट आपल्या स्टेशनसारखे. नवा रंग लावून द्या म्हणून बाबा कंपनीला किती पत्रं लिहायचे, आणि इथे मी ते पोपडे मुद्दाम काढत बसले आहे.

पेटीतलं स्टेशन एकमजली आहे. उरलेल्या फळ्यांतून मी वर आपला मजला चढवणार. बाहेरचा जिना, धुराडं, आईची कपड्यांची दोरीसुद्धा. इथे मात्र तू हवीस. जिना वर जाऊन डावीकडे वळायचा की उजवीकडे? स्वयंपाकघराचं दार हिरवंच होतं ना? लवकर कळव, माझे हात शिवशिवतायत.

तुझी
वर्ना

५ ऑक्टोबर १९८६

प्रिय लूसी,

इतक्या लवकर उत्तर! आणि जिन्याचं चित्रही काढून पाठवलंस. म्हणजे तुलाही चव लागली तर. नातीच्या वाढदिवसाचे फोटो मिळाले, नाक थेट आपल्या आईचं आहे, बिचारीचं.

दाराची पैज मी हरले. गाडीच्या शेवटच्या डब्याचा लाल रंग उरला होता आणि आईने तो वाया जाऊ दिला नाही, हे तू लिहिल्यावर मला तिचा हात कोपरापर्यंत लाल झालेला आठवला. इथे क्लबातही एकांचा, दार लालच होतं असा हट्ट चालला होता. दोघांपुढे माझं एकटीचं काय चालणार! लाल तर लाल.

माझी एक फजिती ऐक. दोन भिंती करून झाल्या, पट्ट्या चिकटवल्या, उचलून बघते तर पट्ट्या दर्शनी बाजूला! म्हणजे भिंती उलट्या, आरशात दिसावं तसं स्टेशन. बर्नार्डने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि म्हणाला, “वर्ना, अशाने गाडीतून उतरलेले लोक थेट नदीत पडतील.” सगळा क्लब खो खो हसला. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. मग त्या गृहस्थांनी, शिकवणाऱ्या, माझ्या शेजारी बसून पट्टी न् पट्टी ओल्या कुंचल्याने सोडवून दिली. हात एवढे थोरले, पण खिडकी सुईच्या टोकावर तोलून धरतात. निघताना मला घरापर्यंत सोडतात. घराकडच्या रस्त्यावरचा दिवा गेलाय ना, म्हणून.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी क्लब लोकांसाठी उघडायचा आहे. तू आणि रे या ना. तुझं उत्तर मला पाठ आहे, तरी विचारते. मी खूप मजेत आहे, लूसी. सकाळी उठले की आधी रंगलेली बोटं बघते आणि खुदकन हसू येतं.

तुझी
वर्ना

१६ ऑक्टोबर १९८६

प्रिय लूसी,

या वेळी तुझं पत्र दोनच ओळींचं. “मागची बाजू कुणालाच माहीत नाही म्हणतेस. मग आपलं दार लाल होतं हे क्लबातल्या माणसाला कसं ठाऊक?”

जन्मभर एक्स्चेंजमध्ये मी लोकांची बोलणी कानांआड केली आणि स्वतःचं गुपित असं पत्रात घालून पाठवलं! आता लपवण्यासारखं उरलंय काय?

मला शिकवणाऱ्या त्या गृहस्थाला ठाऊक आहे, कारण तो त्याच दाराने आत यायचा. तुला भेटायला. हॉलिस ट्रिम्बल. हे नाव मी तुला चौतीस वर्षांत लिहिलं नव्हतं. तुमच्या लग्नाच्या आठवड्यात त्याने भावाहाती लग्न मोडल्याचा निरोप धाडला आणि नौदलात निघून गेला. तू आपल्याच फलाटावरून दूर टुसॉनची गाडी धरलीस आणि तिकडचीच झालीस. बाबांच्या अंत्यविधीला आलीस, तीही त्याच संध्याकाळी परत गेलीस. मी काहीही विसरलेले नाही.

मी त्याच्यासाठी क्लबात गेले नाही, यावर विश्वास ठेव. गेले तर तो तिथे पूल जोडत बसला होता. बायको जाऊन सहा वर्षं झालीत. पहिले दोन दिवस मी त्याच्याशी शब्दही बोलले नाही. मग तोच म्हणाला, “वर्ना, मी भ्यालो आणि पळालो. कितीही उकरलं तरी खाली दुसरं कारण निघत नाही.” मी भांडायला कंबर कसून तयार होते. तो सबबी सांगेल आणि मी एकेक खोडून काढीन असं मनात ठरवलं होतं. त्याने एकही दिली नाही, तर मी भांडू कुणाशी? मी त्याला म्हटलं, ती काडी इकडे दे.

त्याने मला मागणी घातली आहे, आणि मी हो म्हटलं आहे. तुला विचारून नाही. विचारलं असतं तर तू मोठ्या मनाने ‘कर’ म्हणाली असतीस, किंवा नको म्हणाली असतीस, आणि दोन्हींत मी आयुष्यभर तुझी देणेकरी झाले असते. मी चोपन्न वर्षांची आहे, लूसी. इतकी आनंदात आहे की तुझ्यापुढे मला त्याची लाज वाटते. तुझं जे मोडलं तेच मी उचलून घरी आणते आहे, हे मला कळतं. तरीही आणते आहे.

स्टेशन पुरं झालं. काल ते टेबलावर बसवलं, आणि लोकांना मागची बाजू दिसावी म्हणून बर्नार्डने टेबलामागच्या भिंतीला एक आरसा लावला. लाल दार, वळणारा जिना, दोरीवर बाबांचे सदरे. मी वाकून वाकून बघत राहिले. तिथे अजून १९५१ आहे. तू वर स्वयंपाकघरात आहेस, आणि कुणी कुठे गेलेलं नाही.

लग्न पंधरा नोव्हेंबरला, आपल्याच चर्चमध्ये. नंतर कॉफी आणि केक, बस्स.

आणखी एक गोष्ट आहे. तू तुमच्या लग्नासाठी भरतकाम केलेले उशांचे अभ्रे अजून आईच्या पेटीत आहेत. निळ्या धाग्याने काढलेलं ट्रिम्बलचं ‘टी’, कोपऱ्यात दोन पाखरं. परवा उन्हाला घातले, रंग जरासुद्धा उडालेला नाही. नाव तेच लागणार असलं तरी मी त्यांवर डोकं ठेवणार नाही. ते तुझे आहेत. परत घेऊन जा, चुलीत घाल, नाहीतर भर चर्चमध्ये माझ्या तोंडावर फेक. मी निमूट उभी राहीन. पण टपालाने पाठवणार नाही. न्यायला तू ये.

कुठलंही आडनाव लागलं तरी
आधी तुझी बहीण,
वर्ना