विहिरीवर उभं राहताना

अण्णा,

गेल्या हिवाळ्यात मी समुद्रावर उभी राहिले. काठावर नाही, समुद्रावर. कोकणात हल्ली अशी सफर असते. माणसाहून लांब अशी एक रुंद फळी देतात, हातात उंच दांड्याचं वल्हं देतात, अंगात फुगीर जाकीट चढवतात आणि पुढे वाटाड्या, मागे आपण, असं किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडवून आणतात. आमच्या पुढे एक दणकट बाई होती. तिचा आवाज लाटांच्याही वर जायचा. "आधी गुडघ्यांवर बसा, मग एकेक पाय घ्या. पायांकडे बघायचं नाही, लांब बघायचं," ती ओरडत होती आणि मी, चाळिशी कधीच ओलांडलेली बाई, शाळेतल्या पोरीसारखी ऐकत होते. खडकाचं टोक ओलांडलं आणि खालचं हिरवं पाणी एकदम काळंनिळं झालं. डावीकडे माडांची रांग, उजवीकडे काहीच नाही, नुसतं पाणी आणि आभाळ. ऊर भरून आला, भीतीनेही आणि आनंदानेही, आणि पहिला विचार आला तो तुमचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही चांगलं बघितलं की अजून आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

पाण्यावरून तुम्ही मला एकदाच रागावला होता. मी नववीत होते. भिंगारच्या आपल्या क्वार्टरमध्ये तुम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसलाय, आई चुलीपाशी नव्हे, नव्या गॅसपाशी उभी, आणि मी दारात लोंबकळत विचारतेय. वर्गातल्या दोघीतिघी नगरला तलावावर पोहायला शिकायला जाणार होत्या. मीही जाऊ का, एवढंच. तुम्ही हातातला घास हातातच ठेवून म्हणालात, "पान्यात जायचं न्हाई. परत विचारायचं बी न्हाई." तुमचा आवाज घरात कधी चढायचा नाही, त्यामुळे तो चढला की भांडीसुद्धा गप्प बसल्यासारखी वाटायची. आईच्या हातून तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही कामावर गेल्यावर तिने मला जवळ घेऊन सांगितलं. गोदावरीकाठच्या आपल्या गावात प्रत्येक पोरगं विहिरीतच पोहायला शिकायचं, पाठीला वाळका भोपळा बांधून. आपल्या वस्तीतल्या पोरांना मात्र विहिरीच्या कठड्याला हात लावायची सोय नव्हती. तुम्ही लांब उभे राहून बाकीच्यांच्या उड्यांचा आवाज ऐकायचात. पुढे दीक्षा झाली, तुम्ही गाव सोडलं, भिंगारला लष्कराच्या कारखान्यात सुतारकाम शिकलात, मिस्त्री झालात. बाकी सगळं मागे पडलं, पाण्याची भीती तेवढी बरोबर आली. "त्यांला पान्याची भीती वाटती," आई म्हणाली, "आन् त्या भीतीची लाज वाटती. आता तीच भीती तुला लावायलेत, ते त्यांचं त्यांला बी कळतंय." मला तेव्हा तुमचा राग यायच्या ऐवजी तुमची इतकी माया आली की मी परत विचारलंच नाही.

त्याच वर्षी थंडीत थोरले काका आले. आपलं गाव माझ्या जन्माआधीच जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेलं, आणि काका शेवगावच्या बाजूला, पाण्याच्या काठी वसवलेल्या नव्या गावठाणात राहायचे. त्यांचे एक दोस्त होते, भोई, मासे धरणारे. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांचा तराफा म्हणजे खताच्या गोण्यांत थर्माकोलचे तुकडे कोंबून सुतळीने आवळलेलं गाठोडं होतं आणि ते आता चहूबाजूंनी झडत होतं. काका म्हणाले, "तू मिस्त्री हायेस, काहीतरी कर." तुम्ही गोण्यांचं वर्णन ऐकलं आणि तुमचा चेहरा असा झाला, जसा कुणी वाकडी चौकट दाखवल्यावर व्हायचा. मग पंधरवडाभर आपल्या ओट्यावर काम चाललं. भंगाराच्या लिलावातून खोक्यांची फळकटं आणि थर्माकोलचे ठोकळे आणले. करवत चालली की थर्माकोलचे पांढरे दाणे घरभर उडायचे. ते डाळीत सापडायचे, आईच्या केसांत सापडायचे, आणि आई म्हणायची, "ह्यो तराफा पान्यात जाऊ द्या एकदाचा, न्हाईतर मीच जाते." मजुरीचं तात्यांनी विचारलं तर तुम्ही निरोप धाडलात, पैसे नकोत, मला आणि पोरीला एकदा काठाकाठानं फिरवून आना. हे ऐकून आईने माझ्याकडे बघितलं. तुमच्याकडे बघायची तिची छाती झाली नाही.

आणि मग तुम्ही तुमच्यासारखंच केलंत. तुमच्या हातून पॉलिश न होता काही बाहेर पडायचंच नाही. आईचं पोळपाट, माझी पट्टी, शेजारच्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दारसुद्धा तुम्ही चकचकीत करून दिलं होतं. साहेब लोकांच्या बंगल्यांतली टेबलं घासून घासून ती सवय हाडात गेली होती. तराफ्याच्या वरच्या फळ्यांना तुम्ही पॉलिशचे थर दिलेत, वाळवलेत, पुन्हा दिलेत. टेम्पोतून तो काठावर उतरला तेव्हा सकाळचं ऊन त्यावर असं लकाकलं की काकांनी नकळत चपला काढल्या. तात्या मोठ्या रुबाबात पाण्यात गेले, ओल्या पायाने वर चढले आणि पुढच्या क्षणी दोन्ही पाय आभाळात. धप्पकन पाण्यात. वर आले ते हसतच. "मिस्त्री, ह्यो तराफा हाय का तुमच्या सायबाचा दिवान? ह्याच्यावर उभं कसं राह्याचं?" काठावरच्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. तुमचे कान लाल झाले होते. काकांच्या घरून गोणपाट मागवलंत, आणि स्वतःच्या हाताने, आपल्या त्या सुंदर पॉलिशवर, बारीक खिळ्यांनी ते ठोकून टाकलंत. प्रत्येक खिळा ठोकताना तुम्ही डोळे बारीक करत होता, ते मी पाहिलं, आणि मला हसू आवरेना.

तात्या मागे लांब बांबू घेऊन उभे, पुढे तुम्ही मांडी घालून, तुमच्या मागे मी. "बसायचं. कुनीबी उठायचं न्हाई," त्यांनी बजावलं. मग ते बोलायला लागले ते थांबेचनात. कुठला मासा कुठे लपतो, कोण कसा बुडता बुडता वाचला आणि त्याला यांनीच कसा वाचवला, सगळ्या गोष्टींत शेवटी शहाणे तेच. पण मी अर्धवटच ऐकत होते. मी असं पाणी कधी पाहिलंच नव्हतं. भिंगारला पाणी म्हणजे नळ, हंडा आणि वाट बघणं. इथे ते नजर जाईल तिथपर्यंत पसरलेलं, थंडगार, किंचित वाफाळलेलं. काठाने बाभळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या आहेत. एक डांबरी रस्ता उतारावरून सरळ येतो आणि कुणाला न विचारता पाण्यात शिरतो. त्याच्या कडेचा मैलाचा दगड अर्धा वर आहे आणि त्यावरचं अंतर अजून वाचता येतं, फक्त ते ज्या गावाचं आहे ते गाव आपल्या खाली आहे. मी हात पाण्यात घातला. आपण घरांच्या वरून चाललोय, या विचाराने अंगावर काटा आला. तुम्ही मात्र दोन्ही हातांनी तराफ्याच्या कडा धरून ताठ बसला होता आणि तुमच्या मानेच्या शिरा मला मागून दिसत होत्या.

थोडं पुढे गेल्यावर तात्यांनी बांबू खाली सोडला. तो कशाला तरी टेकून ठक्क वाजला. "गावाची हीर," ते म्हणाले. "कठडा लागला बघा. उन्हाळ्यात पानी उतरलं की दिसतो." आणि मग, बोलायच्या ओघात, "काय उड्या मारायचो आमी हितं! तुमी बी असायचा की, मिस्त्री, काठावर."

तुम्ही म्हणालात, "काठावर न्हाई. चिंचंपाशी. काठावर येऊ देत नव्हते."

तात्या गप्प झाले. त्या सकाळी ते पहिल्यांदाच गप्प झाले. लहानपणी एकाच गावात वाढलेली ही दोन माणसं, एक त्या विहिरीत पोहलेला आणि एक न पोहलेला. मला वाटलं आता तुम्ही म्हणाल, चला पुढं. पण तुम्ही म्हणालात, "जरा थांबवा. मला उभं राह्याचंय."

"पवता येतं का?"

"न्हाई."

"पोरीला?"

"न्हाई. म्हनून तर."

"आवो मग बसा की खाली. उगं काय झालं म्हंजी?"

"लई बसलोय, तात्या."

तात्यांनी तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरला, खालच्या त्या कठड्यावर नीट टेकवला आणि सगळं अंग त्यावर टाकून तराफा जागच्या जागी रोखला. "आधी गुडघ्यावर या," ते हळू आवाजात म्हणाले. "घाई न्हाई. पायाकडं बगू नका, लांब बगा." तुम्ही गुडघ्यांवर आलात. हातांनी कडा सोडल्या, पुन्हा धरल्या. लाकडावर खूण करताना ज्यांची रेघ केसाइतकी हलायची नाही, ते हात. एक पाय घेतलात. तराफा कलला, पाणी गोणपाटावर आलं, माझ्या तोंडून आवाज निघाला. तुम्ही मागे न बघता म्हणालात, "भिऊ नको. बघ तू." आणि दुसरा पाय घेतलात, आणि हळूहळू, एखादा उंच खांब उभा करावा तसे, सरळ झालात.

मी खालून वर बघतेय. तुम्ही उंच नव्हता अण्णा, आईपेक्षा जेमतेम चार बोटं. पण त्या वेळी तुमच्या डोक्यामागे नुसतं आभाळ होतं, आणि पायांखाली ती विहीर, तिच्यावर पाणी, त्याच्यावर तुम्ही केलेल्या फळ्या, आणि त्यांवर तुम्ही. मला देवाधर्माचं काही कळत नाही, तुम्हीही कधी शिकवलं नाहीत, पण हात जोडावेत असं मला आयुष्यात कुणाकडे बघून वाटलं असेल तर तेव्हा. तात्यांनी विचारलं, "बसता का आता?" तुम्ही मान हलवलीत, आणि म्हणालात, "चालू द्या."

मग आपण काठाकाठाने तसेच गेलो, तुम्ही उभे. खाडीसारख्या एका वळणावर पाणी उथळ होतं आणि तिथे ती पाखरं होती. आधी मला वाटलं कुणी गुलाबी कापड वाळत घातलंय. तात्या म्हणाले, "तांबडी पाखरं. हिवाळ्याला येत्यात." त्यांचं नाव रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हे मला पुढे कळलं. आपल्या बांबूचा आवाज झाला आणि सगळी एकदम उठली. पंख उघडले की आतून लाल आणि काळे, आणि ते सगळं खाली पाण्यातही उठलं, त्यामुळे वर आभाळ उडतंय की खाली, तेच कळेना. पंखांचा वारा तोंडावर आला. तुम्ही तोंड उघडं ठेवून बघत होता, मान मागे टाकून. आपण कशावर उभे आहोत हे तुम्ही पार विसरून गेला होता. मग तुम्ही हसलात, मोठ्याने, लहान पोर हसतं तसे. ते हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीतून उसाचे ट्रक बघत बसला होता. नगर जवळ आल्यावर एवढंच म्हणालात, "सोमवारी तलावावर नाव घाल." मी पोहायला शिकले. तुम्ही कठड्याबाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसायचात आणि मी वर आले की घाईघाईने टॉवेल पुढे करायचात.

पुढे कित्येक वर्षं तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. कारखान्याच्या दारातल्या चहावाल्यापाशी, लग्नांत, विहारात, शेवटी शेवटी दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही. "दोन पायांवर उभा व्हतो. कशाचा आधार न्हाई, कुनाला धरलं न्हाई. पोरगी साक्षीला हाय." मी दरवेळी मान डोलवायचे. आता एक सांगते, अण्णा. तुम्ही उभे राहिलात तेव्हा तुमची पँट दुमडलेली होती आणि मी तुमच्या मागेच गुडघ्यांवर होते. त्या दुमडीची कड मी दोन बोटांत धरली होती, तुम्हाला कळणार नाही इतकी हलकी, आणि काठ लागेपर्यंत सोडली नाही. त्याने तुमचा तोल सावरला नसता हे मलाही कळत होतं. तुम्ही पडला असता तर मीही आले असते, एवढंच. पाठवायला पत्ता असता तरी हे पत्र मी तुम्हाला पाठवलं नसतं. तुम्ही सांगत होता ते खरंच होतं, तुम्ही कुणालाच धरलं नव्हतं. मी धरलं होतं.