घुमटातली ऊब

४ फेब्रुवारी

ती. मामा व मामींस,

सा. न. वि. वि.

फोनवर मी भरधाव बोलते आणि तुम्हाला अर्धंच कळतं, ही तुमची तक्रार. म्हणून हे सावकाश लिहिते आहे.

तुमच्या वेधशाळेत मला मिळालेल्या तीन रात्रींची मोजमापं महिनाभर चाळली. डोळ्यांना न दिसणारा, नुसत्या उबेचा म्हणावा असा अवरक्त प्रकाश तुमचा कॅमेरा टिपतो. त्यात माझ्या म्हाताऱ्या ताऱ्याभोवती एक अंधुक वलय दिसतंय. आकाशाची ऊब वजा केली तरी ते उरतंच. कोमट धूळ असणार. एवढ्या जुन्या ताऱ्याभोवती धूळ म्हणजे तिथे अजून ग्रहांची मोडतोड चालू असेल. पहिल्या आणि तिसऱ्या रात्री वलय आहे, दुसऱ्या रात्री नाही. हवा दमट असेल, ती रात्र बाजूला ठेव, असं आमच्या बाई म्हणाल्या. चार वर्षं माझा प्रबंध तपासताना त्यांनी एका वाक्यालाही बरं म्हटलेलं नाही, आणि परवा स्वतःच्या हाताने मला चहा आणून दिला.

वीस तारखेला निबंध छापायला पाठवायचा आहे. तो छापून आला की प्रबंध पुरा झालाच समजा.

माया आहेच, ती तशीच राहू द्या.

तुमची,
टिटवी

११ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता बरे आहोत.

तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. चहाच्या जागी ती खूप हसली. त्याआधी रात्रींच्या ओळीवर मी अडखळलो होतो, तिने विचारलं तर चष्म्यावर ढकललं. चष्मा चांगला आहे.

पोरी, पहिल्या आणि तिसऱ्या रात्री मी घुमटात होतो. कॅमेरा थंडगार राहावा म्हणून त्याच्या भांड्यात द्रव नायट्रोजन भरायचा, दार लावायचं आणि खालच्या खोलीत यायचं, असा नियम आहे. बावीस वर्षं मी तो पाळला. पण त्या आठवड्यात भांड्याची झडप थोडी गळत होती, आणि रात्री तुझ्या होत्या. मध्येच कॅमेरा तापला तर, या धास्तीने दुर्बिणीच्या आरशालगत स्टूल टाकून बसलो, मनात नाम घेत. दिवा लावला नाही, हललोही नाही. माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा या कॅमेऱ्याला दिसते, हे मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. त्या रात्री मला स्वतःला ते सुचलं नाही. दुसऱ्या रात्री मामीला ताप होता म्हणून मी घरी राहिलो. माझा कामातला जोडीदार भांडं भरून नियमाप्रमाणे खाली गेला.

दोन दिवस वाटत राहिलं की गप्प बसावं, कोणाला कळणार आहे? पण देवापुढे बसलो की तुझा तोच कागद डोळ्यांसमोर येई. सोमवारी आमच्या प्रमुखांना सांगणार आहे. त्याआधी तुला कळवलं. निबंध पाठवू नकोस.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा मामा

१७ फेब्रुवारी

ती. मामांस,

सा. न.

दोन दिवस मी इतकी चिडले होते की तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर तुमच्या घरी यायला तोंड राहिलं नसतं. बाईंना सांगितलं. त्यांनी तिन्ही रात्रींचे आकडे पुन्हा उघडले. मग म्हणाल्या की मामांचं म्हणणं खरं असेल तर तेही मोजून पाहायला हवं, नुसत्या कबुलीवर मोजमापं खोडता येत नाहीत. त्यांनी तुमच्या प्रमुखांना कळवलंय. दुर्बीण रिकाम्या आकाशाकडे लावून अर्धा तास तुम्ही त्याच स्टुलावर बसायचं, अर्धा तास बाहेर थांबायचं.

मला अजून वाटतंय की तुमचीच समजूत चुकली असेल आणि धूळ खरी असेल. निबंध मात्र पाठवलेला नाही.

टिटवी

२७ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

काल बसलो. प्रमुखांनी स्टुलाच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. लेखी ताकीद दिली. झडप बदला म्हणून मी दोनदा दिलेला अर्ज आपल्या मेजावर पडून राहिला, हेही त्यांनी त्याच कागदावर लिहिलं. मी सही केली.

खाली येऊन पडद्यावर पाहिलं. मी बसलो होतो तेवढा वेळ वलय आहे, उठलो की नाही. जोडीदार म्हणाला, मामा आजवर एवढे तेजस्वी कधी दिसले नव्हते. सगळे हसले, मीही हसलो. मग जिन्यात जाऊन बराच वेळ बसून राहिलो. तुझी चार वर्षं गं.

आकडे तुला पाठवले आहेत. नीट ताडून पाहा. काय बोलायचं ते मनात न ठेवता बोल, मी ऐकून घेईन. मामी म्हणते, रागावलीस की तू जेवत नाहीस, तेवढं करू नकोस.

तुझा मामा

९ मार्च

ती. मामा व मामींस,

सा. न. वि. वि.

आकडे ताडून पाहिले. वलय तेच, तेवढंच. धूळ नाही. आम्ही बाजूला ठेवलेली दुसरी रात्रच खरी निघाली. एक दिवस मी खोलीबाहेर पडले नाही. जेवले मात्र, मामींना सांगा.

प्रबंध वर्षभर लांबला. बाई म्हणाल्या, निबंध छापून आला असता आणि दुसऱ्या कोणी तो खोटा ठरवला असता, तर पुढे माझं एकही मोजमाप कोणी खरं मानलं नसतं. ते ऐकून लगेच बरं वाटलं असं नाही. पण तुम्ही दोन दिवस गप्प बसायचा विचार केलात आणि तिसऱ्या दिवशी लिहिलंत, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या जागी मी असते तर लिहिलं असतं का, ठाऊक नाही.

ऑक्टोबरात दोन रात्री मिळाल्या आहेत. त्या रात्री कॅमेरा तुम्हीच भरावा असं मी अर्जात मुद्दाम लिहिलं होतं, तुमच्या प्रमुखांनी ते मान्य केलंय. भरून झालं की दार लावून खाली या. नाम घेणं सोडू नका, मामा. खालच्या खोलीत बसून घ्या, तिथलं कॅमेऱ्याला दिसत नाही.

तुमची,
टिटवी